चीनला फुटबॉल का जमत नाही?

पायचेंडू | १९ नोव्हेंबर २०२५, सकाळी ११:१२

काल ढाक्यात आपण बांगलादेशकडून ०-१ हरलो. तब्बल २२ वर्षांनी त्यांनी आपल्याला हरवलं. ते गिळून झोपलो आणि सकाळी बघतो तर क्युरासाव वर्ल्ड कपला पात्र! जमैकाला त्यांच्याच घरी ०-० असं रोखून. कॅरिबियन समुद्रातलं बेट, लोकवस्ती दीड लाखाच्या आसपास, म्हणजे आपल्या सातारा शहराएवढी.

आपल्या नावाने रडणं नेहमीचंच, म्हणून धागा मुद्दाम चीनवर काढतोय. आपल्याबद्दल बोलताना पैसा नाही, सरकारला पडलेली नाही, असं म्हणून सुटता येतं. चीनमध्ये दोन्ही आहे. शी जिनपिंग यांनी २०११ मध्ये, उपराष्ट्राध्यक्ष असतानाच, तीन इच्छा बोलून दाखवल्या होत्या: वर्ल्ड कपला पात्र व्हायचं, तो भरवायचा आणि जिंकायचा. २०१५ मध्ये सुधारणांचा सरकारी आराखडा आला. २०१६ मध्ये तर २०५० पर्यंत फुटबॉलमधली महासत्ता व्हायचं लेखी ठरलं.

आजवरची कमाई? एक वर्ल्ड कप, २००२ चा. तेव्हा जपान आणि कोरिया यजमान असल्याने पात्रता फेरीत नव्हतेच. तीन सामने, तीन पराभव, खाल्ले नऊ गोल, मारला एकही नाही. यंदा आशियाला आठ थेट जागा होत्या. उझबेकिस्तान आणि जॉर्डन पहिल्यांदाच चालले, आणि चीन जूनमध्ये जकार्तात इंडोनेशियाकडून हरून घरी. पॅरिस ऑलिंपिकमध्ये डायव्हिंगची आठच्या आठ सुवर्णपदकं नेणाऱ्या देशाला हेच का जमू नये?

टवाळ_कार्टं | ११:२०

क्रिकेटमुळे.

टवाळ_कार्टं | ११:२१

अरे हो, चीनमध्ये क्रिकेट नाही. मग तिकडे शिव्या कोणाला घालतात?

आकडेमोड | ११:४८

धाग्याचा पायाच मला पटत नाही. लोकसंख्या म्हणजे खेळाडूंचा साठा नव्हे. साठा मोजायचा तर आठ ते चौदा वयाची किती मुलं दर आठवड्याला खरा सामना खेळतात, हे मोजा. त्या हिशेबाने चीन मोठा देश नाही, मध्यम आहे. आपण तर चिंचोळी पट्टी: गोवा, बंगाल, केरळ, ईशान्येची राज्यं आणि शहरांमधले काही मोहल्ले. उरुग्वे पस्तीस लाखांचा देश, पण तिथे अगदी लहान पोरांच्याही लीग चालतात आणि शनिवार-रविवारी अख्खं कुटुंब मैदानावर असतं.

आणि क्युरासावचं उदाहरण तर साफ गैरलागू. त्यांचा संघ बघा, एक-दोन सोडले तर सगळे नेदरलँड्समध्ये जन्मलेले आणि तिथल्या क्लबांत घडलेले. प्रशिक्षक डिक अ‍ॅडव्होकाट, तेही डचच. बेट दीड लाखाचं, पण कारखाना आम्स्टरडॅम-रॉटरडॅमचा.

पायचेंडू | १२:०५

@आकडेमोड, मग उलट माझाच प्रश्न अधिक टोकदार होतो ना? कारखानाच लागतो म्हणता, तर चीनइतके कारखाने कोणी बांधले?

ग्वांगझौ_रिटर्न | दुपारी १:३७

कामानिमित्त काही वर्षं तिकडे होतो, म्हणून जरा लांबण लावतो.

ग्वांगझौचा एव्हरग्रांद क्लब २०१० मध्ये बांधकाम कंपनीने विकत घेतला. इटलीला वर्ल्ड कप जिंकून देणारे लिप्पी प्रशिक्षक आणले. २०१३ आणि २०१५ ची आशियाई चॅम्पियन्स लीग जिंकली. २०१३ च्या अंतिम सामन्याच्या रात्री तिआन्हे स्टेडियमबाहेर मी होतो, आत जायला तिकीट कुठलं मिळतंय! लाल शर्टांचा पूर होता आणि आमच्या ऑफिसातला एरवी तोंड न उघडणारा हिशेबनीस रस्त्यात उभा राहून रडत होता. तेव्हा कोणी सांगितलं असतं की २०२५ च्या जानेवारीत हा क्लब कर्जापायी परवाना न मिळून बंद पडेल, तर वेड्यात काढलं असतं.

पण त्या संघाचे गोल कोण करायचं? कोंका, मुरिकी, एल्केसन. एक अर्जेंटिनाचा, दोन ब्राझीलचे. बाकी क्लबांचं तेच. २०१७ मध्ये शांघायच्या क्लबने ऑस्करला चेल्सीकडून सुमारे सहा कोटी पौंडांना उचललं. परदेशी माणूस पुढे खेळणार म्हटल्यावर चिनी पोराच्या वाट्याला मागची जागा. मग राष्ट्रीय संघाला गोल करणारा कुठून मिळणार? वू लेई हा त्यातल्या त्यात अपवाद. तो स्पेनमध्ये एस्पान्योलकडून खेळला, २०२० च्या जानेवारीत बार्सिलोनाविरुद्ध शेवटच्या मिनिटांत गोल करून सामना २-२ असा सोडवला. त्या गोलाचा आनंद तिकडे सणासारखा साजरा झाला, यातच काय ते आलं.

राहिली अकादमी. चिंगयुआनला एव्हरग्रांदची शाळा आहे, रेआल माद्रिदच्या मदतीने २०१२ मध्ये सुरू केलेली. लांबून किल्ल्यासारखी दिसते, मैदानं पन्नासच्या आसपास. पण निवासी शाळा, फी भरून. शिवाय ती मुलं खेळणार कोणाशी? आपापसांतच! आसपासच्या गावांत, शाळांत त्यांना भिडणारे संघ नकोत का? @आकडेमोड म्हणतात ते सामने तिथे नव्हते.

हडपसरी | १:५२

वाचनखूण साठवली. पुढचा भाग टाका.

म्हातारबा | २:१५

तिकडे पैसा खाण्याबद्दल कोणीच कसं बोलेना? २००२ च्या संघातला ली टिए, एव्हर्टनकडून खेळलेला, पुढे राष्ट्रीय प्रशिक्षक झाला. ती खुर्ची मिळवायलाच लाच दिली, हे त्याने स्वतः सरकारी वाहिनीवर सांगितलं. २०२४ च्या डिसेंबरमध्ये वीस वर्षांची शिक्षा झाली. संघटनेचा माजी अध्यक्ष चेन शुयुआन, त्याला जन्मठेप. त्याच वर्षी सामनेनिश्चितीसाठी ४३ जणांवर आजन्म बंदी, त्यातले ३८ खेळाडू. त्याच्या आधीच्या लाटेत तर वर्ल्ड कपला शिट्टी वाजवून आलेला पंच लू जून तुरुंगात गेला. ज्या घरात मूल फुटबॉलपटू व्हायचं म्हणतं, तिथला बाप हे सगळं वाचतो हो.

आकडेमोड | २:३१

भ्रष्टाचार ब्राझीलमध्ये कमी आहे का? इटलीत २००६ ला पंचांच्या नेमणुकांचं प्रकरण गाजत होतं, युव्हेंटसला खाली ढकललं आणि त्याच उन्हाळ्यात इटली वर्ल्ड कप जिंकली. भ्रष्टाचाराने क्लब बुडतात, पोरं खेळायची थांबत नाहीत.

सुरंगी | दुपारी ३:०४

@आकडेमोड, थांबतात. हळूहळू थांबतात. आमच्या गोव्याचं बघा.

२०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तिन्ही क्लबांनी आय-लीगमधून, म्हणजे देशाच्या जुन्या राष्ट्रीय लीगमधून, अंग काढून घेतलं. धेंपो म्हणजे पाच वेळा देशाचा विजेता संघ! वरच्या लीगमध्ये, म्हणजे आयएसएलमध्ये, पदावनती नाही, बढतीची खात्री नाही, तर खेळायचं कशासाठी, हा त्यांचा प्रश्न होता. यंदा तर नोव्हेंबर अर्धा सरला तरी आयएसएलच सुरू झालेली नाही. आमच्या वाड्यावरच्या पोरांना पूर्वी माहीत असायचं की गावच्या संघातून या क्लबात, तिथून त्या क्लबात, आणि मग कंपनीत नोकरी. आता ती शिडी दिसत नाही.

मी लहान असताना भातकापणी झाली की शेतातच गोल रोवले जायचे. खुंट पायाला टोचायचे, म्हणून पहिला आठवडा सगळे उड्या मारत खेळायचे. चेंडू कुठे उसळेल याचा भरवसा नाही, त्यामुळे पायात मऊपणा आपोआप येई. वॉर्डावॉर्डांच्या स्पर्धा, संध्याकाळी चर्चच्या मैदानावर सामने. ती अर्धी शेतं आता भराव घालून बुजवलीत, उरलेल्यांना कुंपण.

आणि १४ ऑक्टोबरला फातोर्ड्याला सिंगापूरविरुद्ध आघाडी घेऊन १-२ हरलो, आशिया कपचं दार तिथेच बंद झालं. काल ढाक्यात झालं ते नंतरचं. स्टेडियम माझ्या घरापासून जवळ, पण त्या दिवसानंतर त्या रस्त्याने जायला नको वाटतं.

पायचेंडू | ३:१०

आलाच शेवटी धागा भारतावर. :)

कट्टर_मुंबईकर | ३:३३

येणारच. १९५० च्या वर्ल्ड कपला बूट घालायला लागतील म्हणून आपण गेलो नाही, ही आपली लायकी.

म्हातारबा | ३:५०

बुटांची गोष्ट पुरे करा आता. १९४८ ला लंडन ऑलिंपिकला बरेचसे अनवाणी खेळून आपण फ्रान्सकडून १-२ हरलो, तेही दोन पेनल्टी वाया घालवून. तिथून ही दंतकथा सुटली. १९५० ला आपल्या संघटनेला ऑलिंपिकपुढे वर्ल्ड कपचं महत्त्वच वाटलं नाही. पुढच्याच वर्षी दिल्लीत एशियाडचं सुवर्ण. १९५६ ला मेलबर्नमध्ये चौथे. तिथे ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवताना नेव्हिल डिसूझाने तीन गोल मारले. @सुरंगी, तुमच्या आसगावचा माणूस, खेळला मुंबईत. १९६२ ला जकार्तात पुन्हा सुवर्ण. १९६३ मध्ये प्रशिक्षक रहीमसाहेब गेले आणि नंतर उतरती कळा. म्हणजे आपल्याला कधी जमलंच नाही, हे खरं नाही. जग पुढे गेलं, आपण कूपरेजच्या कट्ट्यावर जुन्या रोव्हर्स कपच्या गप्पा मारत बसलो. मीही त्यातलाच.

टवाळ_कार्टं | ४:०२

निवृत्त झालेल्या छेत्रीला चाळिशीत परत बोलावणाऱ्या देशाने चीनवर धागे काढू नयेत, असा ठराव मांडतो.

फिटनेसफ्रीक | ४:१८

शरीरयष्टीचा मुद्दा कोणी घेतला नाही. आशियाई शरीर, आहारात प्रथिनं कमी. कितीही अकादम्या काढा.

म्युनिकमावशी | ४:४०

@फिटनेसफ्रीक, जपानी लोक कुठल्या खंडातले? २०२२ ला जर्मनी आणि स्पेन, दोघांनाही २-१ ने हरवलं. आमच्या ऑफिसात त्या दिवशी दुपारी सुतक होतं. मेस्सी, मॉड्रिच यांची उंची बघा जरा.

इथे सात वर्षांच्या मुलांचा खेळ कसा चालतो ते सांगते, कारण माझा मुलगा त्याच वयाचा आहे. मोठं मैदान नाही, गोलरक्षक नाही. छोट्या पट्ट्या आखलेल्या, प्रत्येक पट्टीवर चार चिमुकले गोल, तीन विरुद्ध तीन. काही मिनिटांचा डाव. जिंकलात तर एक पट्टी वर सरका, हरलात तर एक खाली. दोन-तीन डावांत आपोआप बरोबरीचे बरोबरीच्यांशी भिडतात. गोल झाला की बाहेरचा गडी आत, त्यामुळे बाकावर बसून पाय हलवणारं पोर दिसत नाही. गुणतक्ता नाही. २०२४-२५ च्या हंगामापासून लहान गटांत हे सक्तीचंच केलंय. बाजूला उभे असलेले काही बाप कुरकुरतात की यात लढाऊपणा कुठे आहे, पण पोरं मात्र घामाघूम. शिकवणारे बहुतेक पालकच. क्लबची वर्षाची वर्गणी बऱ्यापैकी बुटांच्या जोडीएवढी.

जर्मनीनेही हे ठेच लागल्यावरच केलं. २००० च्या युरोत गटात तळाला राहिले, एक गुण. त्यानंतर वरच्या क्लबांना अकादमी बंधनकारक झाली.

हडपसरी | संध्याकाळी ५:२६

मावशी, हे वाचून पोटात दुखलं. आमच्याकडची टर्फवरची 'अकादमी' ऐका. अठरा मुलं, तीन चेंडू. पहिली पंधरा मिनिटं शिडी जमिनीवर अंथरून त्यात पाय नाचवायचे, कारण ते रीलमध्ये छान दिसतं. मग शंकूंभोवती रांग. माझ्या पोराचा नंबर येतो, तो चार शंकू वळसा घालून जातो, परत रांगेत मागे, आणि पुढच्या पोराच्या टी-शर्टवरचं नाव वाचत उभा राहतो. शेवटची दहा मिनिटं सामना, तोही सगळे एकाच चेंडूमागे. तासाभरात त्याचा पाय चेंडूला किती वेळा लागला हे मी एकदा बाजूला बसून मोजलं आणि घरी येऊन बायकोला सांगितलंच नाही, कारण फी तिने भरली होती.

जर्सीतला_काका | ६:०१

न्यू जर्सीतून सुप्रभात. अमेरिकेचं नाव अजून कसं निघालं नाही? ३४ कोटींचा देश, पैसा, गवत, सगळं आहे. तरी २०१७ मध्ये त्रिनिदादकडून हरून २०१८ चा वर्ल्ड कप घरी बसून पाहिला.

इथला रोग म्हणजे पैसे भरा आणि खेळा. मुलीच्या क्लबची वर्षाची फी ऐकून माझे वडील म्हणाले, एवढ्यात मी इंजिनिअर झालो. वर दर वीकांताला दोन-तीन तास गाडी हाकत सामन्याला जायचं, हॉटेलात राहायचं. आमच्यासारखे आयटीवाले भरतात. पण इथूनच दहा मिनिटांवर ग्वातेमालाची, इक्वेडोरची मंडळी रविवारी उद्यानात काय सुंदर खेळतात! त्यांची पोरं या क्लबांच्या वाऱ्यालाही उभी राहत नाहीत. इथला स्टार खेळाडू पुलिसिक सोळाव्या वर्षी जर्मनीच्या डॉर्टमुंड क्लबात जाऊ शकला तो आजोबांच्या क्रोएशियन पासपोर्टवर. कितीजणांचे आजोबा एवढे सोयीचे असतात?

सुरंगी | ६:१५

पण काका, तुमच्या बायकांनी चार वर्ल्ड कप जिंकलेत. तीच फी, तीच गाडी.

आकडेमोड | ६:३४

@सुरंगी, लाख बोललात. चीनचं कोडंही तिथेच सुटतं. १९९९ ची महिलांची अंतिम लढत आठवा. अमेरिकेने चीनला हरवलं ते पेनल्टीवर. म्हणजे तीच चिनी सरकारी पद्धत तेव्हा जगात दुसऱ्या क्रमांकाची ठरली! कारण युरोपातले बहुतेक देश बायकांच्या फुटबॉलकडे तेव्हा गांभीर्याने बघतच नव्हते. अमेरिकेत १९७२ च्या कायद्याने विद्यापीठांना मुलींच्या खेळावर खर्च करावा लागत होता, चीनमध्ये सरकारी क्रीडाशाळा होत्या. जिथे स्पर्धक झोपलेले असतात तिथे थोडी मुलं निवडून घासून तयार करता येतात. डायव्हिंगही तसंच. इंग्लंड, स्पेन जागे झाल्यावर काय झालं ते दिसतंच आहे. २०२२ चा महिला आशिया कप चीनने जिंकला, पण जगात तो दरारा नाही. पुरुषांच्या फुटबॉलमध्ये शंभर वर्षांपासून कोणीच झोपलेलं नाही.

ग्वांगझौ_रिटर्न | ७:१०

+१. आणि एक गोष्ट दुपारी राहिली. तिकडे पंधराव्या वर्षाच्या आसपास 'चोंगखाओ' ही परीक्षा असते. त्यावर ठरतं की मूल पुढे विद्यापीठाच्या वाटेने जाणार की धंदेशिक्षणाच्या. त्याच्या दोन-तीन वर्षं आधी सगळे खेळ बंद. आमच्या इमारतीखाली रोज चेंडू बडवणारं एक पोर सहावीनंतर दिसेनासं झालं. आईला विचारलं तर म्हणाली, गणिताची शिकवणी. घरात एकच मूल, त्याच्यावर चार आजी-आजोबांची नजर. बारा-तेराव्या वर्षी, जेव्हा खेळ खरा कळायला लागतो, तेव्हाच गळती.

जर्सीतला_काका | ७:१८

आपली दहावी वेगळी काय?

रंकाळ्याकाठचा | रात्री ९:४४

आत्ता बघितला धागा. कोल्हापूर सोडून फुटबॉलवर बोलताय व्हय? णिषेध!

भावांनो, आमच्याकडं राजर्षी शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारची मॅच असली की गावात दुसरा विषय नसतो. खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, बालगोपाल, प्रॅक्टिस, प्रत्येक तालमीचा झेंडा वेगळा. पेठेतल्या आज्ज्यासुद्धा रेफ्रीला नावं ठेवतात. वर्ल्ड कपला अर्जेंटिना-ब्राझीलचे कटआउट लागतात ते वेगळंच. नाद खुळा! अनिकेत जाधव आमचाच, २०१७ ला आपल्याकडं झालेल्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये खेळला.

पण आता आतलं सांगतो. गर्दी सगळी थोरल्यांच्या मॅचला. मंडळं बाहेरचे, परदेशी गडी आणतात आणि पोस्टर त्यांचं लागतं. बारा वर्षांच्या पोरांची मॅच असली तर आईबाप आणि चहावाला सोडून कुत्रं नसतं तिथं. मी स्वतः एका तालमीच्या पोरांना संध्याकाळी खेळवतो. चांगला डावखुरा पोरगा होता, बघत राहावं असा. नववीत गेला आणि बापानं बूट माळ्यावर टाकले. बाप वाईट नव्हे, स्वतः गोलकीपर होता! म्हणाला, मी खेळलो, मला काय मिळालं, पेठेत चार लोक ओळखतात. ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

ग्वांगझौ_रिटर्न | १०:०२

@रंकाळ्याकाठचा, तुमच्या पेठांसारखंच यंदा जिआंग्सू प्रांतात चाललंय! तेरा शहरांची हौशी लीग, 'सू चाओ' म्हणतात. विद्यार्थी, मास्तर, नोकरदार खेळतात, शहरं एकमेकांची यथेच्छ टिंगल करतात, नानजिंगला साठ हजारांवर लोक आले. गंमत म्हणजे याच नानजिंगचा व्यावसायिक क्लब २०२० च्या नोव्हेंबरमध्ये देशाचा विजेता झाला आणि २०२१ च्या फेब्रुवारीत बंद पडला. लोकांना फुटबॉल नको होता असं नाही, विश्वास नव्हता.

कट्टर_मुंबईकर | १०:२०

सरळ उपाय: परदेशी नागरिकत्वाच्या भारतीय वंशाच्या खेळाडूंना घ्या. बांगलादेशने हमझा चौधुरी आणला, इंडोनेशियाने निम्मं हॉलंड आणलं.

म्हातारबा | १०:३१

आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. रायन विल्यम्सने यंदा ऑस्ट्रेलियाचं सोडून भारताचं घेतलं, आई मुंबईच्या अँग्लो-इंडियन घरातली. असे किती सोडतील? आणि इंडोनेशियाही गेलाच नाही शेवटी वर्ल्ड कपला.

म्युनिकमावशी | १०:४८

रंकाळ्याकाठच्या त्या बापाचं उत्तर जपानकडे आहे असं मला वाटतं. जे-लीग १९९३ ची, पण त्याच्या कितीतरी आधीपासून त्यांची शाळांची राष्ट्रीय स्पर्धा चालते आणि अंतिम सामन्याला स्टेडियम भरतं. मुलगा शाळेसाठी खेळतो, शाळा सुटत नाही. त्यांच्या राष्ट्रीय संघातल्या मितोमाला क्लबने अठराव्या वर्षी करार देऊ केला होता. तो नाही म्हणाला, त्सुकुबा विद्यापीठात गेला, प्रबंध लिहिला तो चेंडू पायात घेऊन माणूस चुकवण्यावर, आणि मग व्यावसायिक झाला. तिथे तेराव्या वर्षी घरात बसून ठरवावं लागत नाही की पुस्तक की बूट. चीनमध्ये लागतं, आपल्याकडे लागतं.

आकडेमोड | १०:५७

हे पटलं. पण जपानी पद्धत आणायला शाळेला मैदान लागतं, आणि दुपारी तीननंतर ते मोकळं लागतं. आपल्या शाळांत मैदानावर दुसरी पाळी बसते किंवा लग्नाचा मांडव.

पायचेंडू | ११:१५

म्हणजे चीनच्या बाबतीत: पोरं कमी, सामने त्याहून कमी, गोल करायला परदेशी, आणि परीक्षेच्या वयात गळती. वरून कितीही पैसा ओता, तो मधल्या वयाच्या पोरापर्यंत पोचतच नाही. पण मग उझबेकिस्तान कसा पोचला, तिथे काय शाळांना मोठमोठी मैदानं आहेत? कोणी ताश्कंदला राहिलेलं आहे का इथे?

टवाळ_कार्टं | ११:१९

मेडिकलवाले असतील की. हाक मारा.

हडपसरी | ११:३६

@म्युनिकमावशी, ते चार छोट्या गोलांचं नक्की कसं आखतात? पट्टी किती लांब-रुंद? रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये करून बघतो. अध्यक्ष ओरडतील, पण त्यांचा नातूही रांगेतच उभा असतो.

म्युनिकमावशी | ११:४९

अंदाजे पंचवीस-तीस पावलं लांब, वीस-पंचवीस रुंद. पार्किंगमध्ये त्याहून लहान चालेल. दोन्ही टोकांना दोन-दोन गोल, विटा ठेवल्या तरी पुरे. गोल मारायचा तो गोलाच्या जवळच्या पट्ट्यात शिरूनच, लांबून नाही. खडूने रेघ मारून घ्या, नाहीतर भांडणं होतात.

रंकाळ्याकाठचा | ११:५८

भांडणं होऊ द्या की.